जुन्या बुलेटचा कार्ब्युरेटर घरी उघडण्यापूर्वीची तयारी

ही यादी कास्ट आयर्न इंजिनाच्या ३५० सीसी रॉयल एनफिल्ड बुलेटसाठी आहे, म्हणजे चार गिअरची, पॉइंटवर (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवर) चालणारी आणि मिककार्ब नावाचा व्हीएम २४ कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग) असलेली गाडी. इतर जुन्या गाड्यांनाही यातले बरेच लागू पडेल, पण आकडे मात्र ज्याच्या त्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत. गाडी एका किकेत सुरू होत नाही, आयडलिंगला (मूठ सोडल्यावरच्या संथ चालीला) टिकत नाही, चढावर गुदमरते किंवा सायलेन्सरमधून फटाके फोडते, असे झाले की बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरकडे जातो. माझे मत असे आहे की या तक्रारींपैकी मोठा वाटा पॉइंट, कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला वीज साठवणारा छोटा भाग), टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची जुळणी) किंवा कुठून तरी शिरणाऱ्या हवेचा असतो. म्हणून दोष कार्ब्युरेटरचाच आहे अशी खात्री पटेपर्यंत त्याचा एकही स्क्रू फिरवू नये, आणि निम्मी तयारी या खात्रीसाठीच करावी.

पहिली तयारी वहीची. गाडीला हात लावण्याआधी तक्रार नेमक्या शब्दांत लिहून काढावी. त्रास इंजिन थंड असताना होतो की तापल्यावर, चोक ओढल्यावर गाडी सुधारते की बिघडते, किती अंतर चालल्यावर बंद पडते आणि थोडा वेळ थांबल्यावर आपोआप पुन्हा सुरू होते का, हे नोंदवावे. थ्रॉटलच्या मुठीवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा कराव्यात, आणि शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर एक रेघ मारावी. गाडी नेमकी कोणत्या खुणेवर अडखळते हे कळले की अर्धे निदान झालेच, कारण कार्ब्युरेटरचा प्रत्येक भाग आपापल्या टप्प्यावर काम करतो. मूठ जेमतेम आठव्या हिश्शापर्यंत फिरवलेली असताना पायलट जेट (पेट्रोलचे सर्वांत बारीक छिद्र) आणि एअर स्क्रू (हवेचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) यांचा अंमल असतो, तिथून पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडच्या (मुठीबरोबर वर-खाली सरकणाऱ्या झडपेच्या) तिरक्या कापाचा, पावपासून पाऊणपर्यंत स्लाइडला लावलेल्या निडलचा (निमुळत्या सुईचा) आणि त्यापुढे मेन जेटचा (पेट्रोलच्या मुख्य छिद्राचा). आयडलिंगला बंद पडणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलण्यात वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात.

जागा मोकळी आणि हवेशीर हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेऊ शकते. त्यामुळे बंद गॅरेज, स्वयंपाकघराला लागून असलेली बाल्कनी, गॅस गिझरच्या जवळचे मागचे दार किंवा दिवा तेवत असलेली खोली या कामासाठी वर्ज्य समजावी. इमारतीच्या पार्किंगमध्ये काम करायचे असेल तर शेजारी कोणी सिगारेट ओढत उभे राहणार नाही हे आधीच सांगून ठेवावे. कोरड्या पावडरचे अग्निशामक किंवा निदान वाळूची बादली हाताशी असावी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतल्यास आग पसरते. काढलेले पेट्रोल झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे आणि ते गटारात ओतू नये. बॅटरीची निगेटिव्ह वायर कार्ब्युरेटर काढताना सुटलेली असावी, मात्र ठिणगी तपासून झाल्यानंतरच ती काढावी.

हत्यारांच्या बाबतीत बुलेटचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतलेच पाहिजे. तिचा आराखडा इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्डच्या कारखान्याचा, आणि १९५५ पासून मद्रासमध्ये तिचे उत्पादन सुरू झाले तेव्हा तिचे आटेही ब्रिटिश मापाचेच आले. इंजिनाच्या बहुतेक नटांना व्हिटवर्थ पद्धतीचे पाने लागतात, तर कार्ब्युरेटर जपानी वळणाचा असल्यामुळे त्याचे आटे मिलिमीटरमध्ये आहेत. बहुतेक जुन्या बुलेटच्या नटांचे कोपरे गोल झालेले दिसतात ते मिलिमीटरचा ‘जवळपास बसणारा’ पाना वापरल्यामुळेच. म्हणून दोन्ही मापांचे पाने, प्लगचा लांब पाना, फिलर गेज (बारीक अंतर मोजण्याच्या पात्या), गळा अरुंद असलेली एक पक्कड आणि टोक न झिजलेला स्क्रू ड्रायव्हर एवढे तरी जमवावे. फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) बाउलचे स्क्रू मऊ धातूचे असतात. ड्रायव्हर नीट बसत नसेल तर जोर लावण्यापूर्वी दुसरा आणावा. याशिवाय पारदर्शक काचेचा पेला, मळलेला नसलेला सुती कपडा, अंड्याचा रिकामा ट्रे, मोबाईलचा कॅमेरा आणि डोळ्यांसाठी चष्मा जवळ असावा.

सुटे भाग काम सुरू होण्याआधीच विकत घेऊन ठेवावेत, कारण रविवारी दुपारी इंजिन उघडे पडलेले असताना बाजार बंद असतो. बाउलचे गॅस्केट, फ्लोटची निडल (बाउलमध्ये येणारे पेट्रोल रोखणारी) आणि तिची सीट, एअर स्क्रूची स्प्रिंग आणि ओ-रिंग, कार्ब्युरेटर आणि हेड (सिलिंडरचा वरचा भाग) यांमधील इन्सुलेटरची दोन्ही गॅस्केट, पेट्रोलची नवी नळी, एक प्लग, पॉइंटचा संच आणि कंडेन्सर एवढे घेतले की पुरते. नळी आणि रबरी भाग इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारे आहेत का, हे दुकानदाराला मुद्दाम विचारावे. सध्याच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढले आहे. ते हवेतील ओलावा ओढून घेते आणि जुने रबर फुगवते किंवा कडक करते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत याचा परिणाम फार लवकर दिसतो.

आता खात्री करण्याचा भाग, जो घाईत टाळला जातो. सुरुवात टाकीपासून करावी. पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरच्या बाजूने काढून डब्यात धरावी आणि कॉक उघडावा. धार अखंड पडली पाहिजे. सुरुवातीला चांगली पडून मग बारीक होत असेल तर टाकीचे झाकण उघडावे. झाकण उघडताच धार पुन्हा वाढली तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले आहे, आणि काही किलोमीटर चालून बंद पडणारी आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होणारी गाडी याच कारणाने त्रास देत असण्याची शक्यता मोठी आहे.

त्यानंतर ठिणगी. प्लग काढून त्याचा रंग आधी पाहावा: कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त, तेलकट ओला काळेपणा म्हणजे ऑइल वर येत आहे, पांढुरका किंवा भाजल्यासारखा रंग म्हणजे हवा जास्त. मग इग्निशन सुरू करून, हेडलाइट बंद ठेवून, प्लग काढलेल्या स्थितीत किक हाताने सावकाश दाबत जावी आणि अ‍ॅमीटरच्या (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरच्या) काट्याकडे पाहावे. पॉइंट मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो आणि उघडताच मध्यावर परततो. काटा मध्यावरून हललाच नाही तर पॉइंट मिटत नाहीत, त्यांच्यावर मळ आहे किंवा वीजच पोहोचत नाही. तो एकाच बाजूला चिकटून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठेतरी वायर बॉडीला लागली आहे. ही तपासणी एक रुपयाही न खर्च करता होते, आणि इतके स्पष्ट उत्तर देणारी दुसरी सोय या गाडीवर नाही. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना त्यांतील अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावे, आणि फिलर गेज घालण्यापूर्वी त्यांचे तोंड स्वच्छ, सपाट करून घ्यावे, कारण खळगा पडलेल्या पॉइंटवर गेज फसवतो. गाडी थंड असताना सुरू होऊन तापल्यावर मरत असेल आणि पॉइंटमध्ये मोठ्या निळ्या ठिणग्या उडताना दिसत असतील तर कंडेन्सर बदलावा. इग्निशन सुरू ठेवून गाडी तशीच सोडू नये. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारा भाग) तापून जळते. ठिणगी पाहताना प्लगची धातूची बाजू हेडला घट्ट टेकवावी आणि ती प्लगच्या भोकापासून लांब ठेवावी, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते.

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच पाहावेत, शक्यतो रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सर्वांत वर) आणून सिलिंडरच्या पायथ्याशी उजव्या बाजूचे झाकण काढले की दोन्ही पुशरॉडचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचे) खालचे टोक दिसते. प्रत्येक रॉड बोटांच्या चिमटीत फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. या इंजिनाला फिलर गेजचे माप नसून शून्य अंतर ठेवावे लागते. रॉड फिरतच नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जाते आणि कार्ब्युरेटर कितीही साफ केला तरी आयडलिंग लागत नाही. डिकॉम्प्रेसरच्या (किक मारताना कॉम्प्रेशन सोडून देणाऱ्या यंत्रणेच्या) केबलला थोडी ढील आहे का हेही इथेच पाहावे. ताणलेली केबल तोच दोष निर्माण करते.

शेवटची खात्री हवेच्या गळतीची. गाडी सुरू होत असेल तर आयडलिंगवर ठेवून कार्ब्युरेटर आणि हेड यांच्या सांध्याभोवती जाड ग्रीस लावावे. इंजिनाचा ठोका बदलला तर हवा तिथून शिरत आहे. या कामासाठी पेट्रोल किंवा ज्वलनशील फवारा वापरण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती तापलेल्या इंजिनाजवळ धोक्याची आहे. मूठ न हलवता हँडल दोन्ही बाजूंना वळवून आयडलिंग वाढते का हेही पाहावे. वाढले तर दोष थ्रॉटल केबलच्या मार्गात आहे.

एवढे सगळे ठीक निघाले आणि त्रास कायम राहिला, तरच कार्ब्युरेटर उतरवावा. उतरवण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे बसले ते मोजून वहीत लिहावे. तो जोराने आवळला तर त्याचे टोक आणि त्याची बैठक दोन्ही कायमची बिघडतात. कॉक बंद करून बाउल उघडताना आतील पेट्रोल काचेच्या पेल्यात ओतावे आणि पेला दोन मिनिटे स्थिर ठेवून उजेडात पाहावा. पाणी असेल तर ते तळाशी गोल मण्यांसारखे वेगळे दिसते, गंज असेल तर तांबूस गाळ बसतो. गंज दिसल्यास केवळ कार्ब्युरेटर साफ करून उपयोग नाही. टाकी आणि कॉकची जाळी साफ केल्याशिवाय तोच गाळ पुन्हा जेटमध्ये येऊन बसणार.

जेट सोडवल्यावर त्यावरील क्रमांक वहीत लिहावेत, कारण आधीच्या मालकाने किंवा मेकॅनिकने काय घातले आहे हे त्यावरूनच कळते. जेट उजेडासमोर धरला की छिद्र पूर्ण गोल दिसले पाहिजे. पायलट जेटचे छिद्र इतके बारीक असते की सुकलेल्या पेट्रोलचा एक पातळ पापुद्राही ते बुजवतो. जेटमध्ये सुई, पिन किंवा पोलादी तार कधीही घालू नये. क्लिनरमध्ये भिजवून, मग विजेच्या वायरीतील तांब्याचा एकच तंतू हलकेच फिरवून हवेने उडवावे. क्लिनर मारण्यापूर्वी सगळे रबरी भाग बाजूला काढावेत. फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल शिरले नाही ना हे पाहावे, आणि फ्लोटच्या निडलच्या टोकावर गोल चरा पडलेला असेल तर ती सीटसह बदलावी. कार्ब्युरेटरचा फ्लँज (हेडच्या बाजूला बसणारी सपाट कडा) जाड काचेवर टेकवून पाहावा. दोन नट वर्षानुवर्षे करकचून आवळल्याने तो मध्ये कमानीसारखा वाकतो आणि नवे गॅस्केटही हवा रोखू शकत नाही. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तो सपाट करता येतो, फक्त त्यानंतर प्रत्येक मार्ग पुन्हा धुऊन काढावा.

जोडताना निडलची क्लिप पूर्वीच्याच खाचेत बसवावी. स्लाइडचा तिरका काप एअर फिल्टरच्या दिशेला यावा आणि तिची उभी खाच आतील पिनेवर बसावी. स्लाइड उलटी बसली तर थ्रॉटल अर्धवट उघडा राहतो आणि पहिल्या किकेला इंजिन किंचाळत सुटते. गाडीवर चढवण्यापूर्वी बाटलीतून पेट्रोल सोडून पाच मिनिटे ओव्हरफ्लो होत नाही ना हे पाहावे. मग इंजिन चांगले तापवून, एअर स्क्रू साधारण दीड फेरा बाहेर ठेवून तिथून पाव-पाव फेऱ्याने दोन्ही बाजूंना फिरवावा आणि ठोका जिथे सर्वांत जलद, एकसारखा पडतो तिथे थांबून स्टॉप स्क्रूने आयडलिंग खाली आणावे. या कार्ब्युरेटरमध्ये एअर स्क्रू आत गेला की मिश्रणात पेट्रोल वाढते आणि बाहेर आला की हवा वाढते. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा.

फार दिवस उभ्या असलेल्या बुलेटने सुरू होताच निळसर धूर आणि ब्रीदरमधून (इंजिनातील हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल सोडले तर घाबरू नये आणि कार्ब्युरेटरला दोष देऊ नये. ऑइल त्याच्या टाकीतून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) उतरलेले असते आणि ते काही मिनिटांत पंपाने परत जाते. ऑइलची पातळी त्यानंतरच मोजावी, नाहीतर कमी दिसते म्हणून जास्त भरले जाते.

चाचणीसाठी वाहतूक नसलेला, थोडा चढ असलेला रस्ता आधीच ठरवावा. सोबत प्लगचा पाना, जाड हातमोजा, जुना पण चालू प्लग आणि वही घ्यावी. अर्ध्या खुणेवर एक-दोन किलोमीटर एकसारखी चालवून, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करावे, गाडी कडेला घ्यावी आणि प्लग पाहावा. आयडलिंगवर घरापर्यंत आणलेल्या प्लगचा रंग अर्ध्या थ्रॉटलबद्दल काहीच सांगत नाही. परतल्यावर इंजिन थंड होऊ द्यावे आणि फ्लँजचे दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे करून पुन्हा तपासावेत, कारण नवे गॅस्केट पहिल्या उष्णतेनंतर दबते आणि नट सैल पडतात.