गावठी माशांसाठी डोह राखायचा आराखडा आणि त्याचा खर्च

नदीतले मासे आटले की सगळ्यांना आधी सुचतं ते मत्स्यबीज आणून सोडणं. फोटो छान येतो, देणगीदारही खूश होतो. पण बाजारात सहज मिळणारं बीज असतं कटला, रोहू, मृगळ यांचं, आणि हे मासे मूळचे उत्तरेतल्या नद्यांचे. खडस, म्हणजे महाशीर, सोडायचा तरी तो त्याच खोऱ्यातला हवा. लोणावळ्यात पैदास केलेला दख्खनी खडस १९७० च्या दशकापासून कावेरीत सोडला गेला. तिथल्या मूळच्या कुबड्या महाशीराची २०१८ साली 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंद झाली, आणि त्याच्या घसरणीमागचं एक मोठं कारण हा पाहुणा मानला जातो. म्हणून आराखड्याच्या पहिल्या तीन वर्षांत बीजासाठी एक रुपयाही धरू नका. पैसा लावायचा तो डोहावर आणि माशांच्या वाटेवर.

सुरुवात पाहणीपासून करा. वर्षात तीनदा: दिवाळीनंतर, फेब्रुवारीअखेर आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात. मेमधली पाहणी चुकवू नका. तेव्हा कोणत्या डोहात पाणी टिकतं ते कळतं आणि राखायचे डोह त्यावरूनच ठरतात. दोरीला दगड बांधून प्रत्येक डोहाची पाच ठिकाणी खोली घ्या. पाण्यातला प्राणवायू सूर्योदयाआधी मोजा. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडत असतं, त्यामुळे दुपारचा आकडा फसवा असतो. पहाटे लिटरमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी आला तर वरच्या अंगाला सांडपाणी कुठून येतं ते शोधा. मासे मोजायला दरवेळी तोच पाग (फेकायचं जाळं), तितक्याच फेकी (डोहामागे वीस पुरतात) आणि शक्यतो तोच माणूस. यातलं काही बदललं की दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना होत नाही. मासा ओल्या हातानं धरायचा, मोजपट्टीवर ठेवून फोटो काढायचा आणि लगेच सोडायचा. नावं मात्र भोई, कातकरी, ठाकर मंडळींना विचारून लिहा. एकाच माशाला दोन गावांत दोन नावं असतात. वनक्षेत्रात शिरण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या.

मग वाटेचा नकाशा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला वर चढतात, आणि नेमके तेव्हाच ते जाळी-खोईन (माशांचा सापळा) लावून पकडले जातात. त्या आठ-दहा दिवसांत पोटात अंडी असलेली मादी गेली की पुढची पिढीच गेली. दुसरी अडचण केटी, म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या, बंधाऱ्याची. पावसाळ्याआधी त्याच्या फळ्या काढायच्या असतात, पण गंजलेल्या खाचेत त्या अडकतात किंवा कुणाला तरी आणखी एक पाळी पाणी हवं असतं. २५ मेपर्यंत फळ्या निघाल्या का, हे पाहणं एका ठरावीक माणसाकडे द्या. पंपांसाठी डोहाच्या खडकावर रंगानं एक पट्टा मारा: पाणी त्याच्या खाली गेलं की उपसा बंद. पंपाच्या फुटव्हॉल्व्हला, म्हणजे पाण्यातल्या नळीच्या तोंडाला, बारीक जाळी बांधा, नाहीतर पिल्लं थेट ऊसात पोचतात.

हे सगळं ग्रामसभेच्या ठरावात येऊ द्या: कोणते डोह कायमचे बंद, वलगणीत कोणत्या टप्प्यात जाळं नाही, दंड किती. सुरुंग आणि विष यांवर १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच बंदी आहे, तरी ठरावात ब्लीचिंग पावडर, कीटकनाशक आणि विजेचा करंट हे शब्द स्पष्ट लिहा. नाहीतर 'आम्ही कुठं विष टाकलं' अशी पळवाट निघते. ठरावाआधी ज्यांची चूल त्या डोहावर चालते त्यांच्याशी स्वतंत्र बसा. त्यांना वगळून केलेली बंदी रात्री मोडते. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीतले मासे वरदायिनीच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले. तुमच्या गावात अशी देवाची कोंड असेल तर तिथूनच सुरू करा, निम्मं काम झालेलं असतं.

खर्चाचा अंदाज तीन किलोमीटरच्या पट्ट्यासाठी, पहिल्या वर्षाचा: दोन अर्धवेळ राखणदार, महिना १०,००० प्रमाणे २,४०,०००. तीन पाहण्या ७५,०००. बारा कुटुंबांना दोन महिन्यांची भरपाई, महिना ३,००० प्रमाणे ७२,०००. फलक, रंग, पंपाच्या जाळ्या ४०,०००. बैठका आणि लेखापरीक्षण ४५,०००. वर दहा टक्के अडीअडचणीला. एकूण ५,१९,२००. स्थानिक दर पाहून आकडे बदला, पण राखणदार आणि भरपाई यांना कात्री लावू नका. देणगीदार नेमकी तीच सुचवतात.

पैसा एकाच ठिकाणाहून मागू नका. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, पर्यावरण आणि प्राणी-वनस्पतींचं रक्षण बसतं. त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी, आयकर कायद्याखालच्या १२अ आणि ८०जी या नोंदण्या आणि अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. नव्या गटानं जुन्या विश्वस्त संस्थेमार्फत अर्ज करावा. अर्ज डिसेंबरातच द्या, म्हणजे नव्या आर्थिक वर्षाच्या आराखड्यात नाव येतं. उशीर झाला तर पैसे सप्टेंबरात पोचतात आणि वलगण हातची गेलेली असते. एकाच प्रजातीसाठी मोहम्मद बिन झायेद निधी २५,००० डॉलरपर्यंत देतो, मात्र परदेशी पैसा घ्यायला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती जागी करा. तिच्या नोंदवहीत तुमच्या माशांची यादी गेली की जैवविविधता वारसा स्थळाच्या प्रस्तावाला आधार मिळतो. आंबोलीच्या हिरण्यकेशीत सापडलेल्या, २०२० साली जगासमोर आलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या इवल्याशा माशासाठी पुढच्याच वर्षी असं स्थळ घोषित झालं.

तिलापिया हा परदेशी मासा किंवा २००० सालापासून बंदी असलेला आफ्रिकन मागूर पागात आला तर तो परत पाण्यात सोडू नका. वेगळा मोजा, तारखेसह नोंदवा आणि वरच्या बाजूला शेततळी किती आहेत ते पाहा. पुरात तो तिथूनच येतो.