डिस्क रिपेअर झाली आणि डेस्कटॉपच येईना? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून पाहा

नागपूरच्या उन्हाळ्यात हे हमखास होते. बॅटरी कधीची मेलेली, लॅपटॉप चार्जरच्या भरवशावर चालून राहिलेला, भर दुपारी लाइन जाते आणि मशीन धाडकन बंद. परत चालू केलं की स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह असं येते, टक्के सरकत राहतात, शेवटी पासवर्ड टाकला तर काळी स्क्रीन आणि नुसता पांढरा बाण. नाहीतर डेस्कटॉप येतो पण तुमचा नाही, वॉलपेपर गायब, फोल्डर गायब. मग लॅपटॉप पिशवीत टाकून बर्डीवरचं (सीताबर्डीचं) दुरुस्तीचं दुकान गाठायचं आणि तिथे ऐकायचं, फॉरमॅट माराव लागते भाऊ.

बहुतेक वेळा नाही माराव लागत. विंडोज शाबूत असते, बिघडलेलं असते ते तुमचं युजर प्रोफाइल, म्हणजे तुमच्या अकाउंटचं फोल्डर आणि सेटिंग. खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

सुरुवात करायच्या आधी डिस्कची तब्येत पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर टाका, त्यात पिवळा कॉशन दिसला किंवा रिअ‍ॅलोकेटेड, पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब जागा) वाढून राहिले असतील तर दुरुस्ती-बिरुस्ती सोडा, आधी फोटो-कागदपत्रं बाहेरच्या ड्राइव्हवर काढा. अशा डिस्कवर पुन्हा पुन्हा चेकडिस्क आर (विंडोजची तीच डिस्क रिपेअरवाली कमांड) मारायला सांगणाऱ्याचं ऐकू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला ते अख्खी वाचायला लावते आणि ती तिथेच बसते. आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून जवळ ठेवा, सेफ मोडमध्ये जाताना मागू शकते.

काळी स्क्रीन आणि बाण असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजर उघडला म्हणजे अर्धी लढाई जिंकली, रन न्यू टास्कमध्ये एक्सप्लोरर टाइप करून एंटर मारा. डेस्कटॉप नीट आला पण प्रत्येक वेळी असंच कराव लागत असेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सगळ्या सेटिंगचा साठा) विनलॉगॉनमध्ये शेल नावाची नोंद पाहा, तिथे फक्त एक्सप्लोरर डॉट ईएक्सई पाहिजे, दुसरं काही असेल तर नीट करा आणि एकदा व्हायरस स्कॅनही चालवा.

सिस्टिम फाइलींसाठी अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डीआयएसएमचं रिस्टोअरहेल्थ, मग एसएफसी स्कॅननाऊ, या दोन दुरुस्तीच्या कमांड याच क्रमाने. कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली उचलते तो साठाच डीआयएसएम नीट करते. मध्येच टक्का अडकल्यासारखा वाटला तरी हात लावू नका.

आता खरी परीक्षा. एक नवीन लोकल अ‍ॅडमिन अकाउंट बनवा, रिस्टार्ट करा आणि त्यात लॉगिन करा. तिथेही काळं असेल तर भानगड विंडोजची किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरची आहे, सेफ मोडमधून ड्रायव्हर काढून पाहा. तिथे डेस्कटॉप झकास आला तर तुमचं प्रोफाइल बिघडलं आहे, आणि पुढचं सगळं काम या नवीन अकाउंटमधूनच करायचं. बिघडलेल्या अकाउंटमध्ये बसून करायचं नाही. सी ड्राइव्हच्या युजर्समध्ये टेम्प नावाचं फोल्डर दिसलं तर समजा की विंडोजने तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलवर बसवलं आहे, आणि त्यात डेस्कटॉपवर काहीही सेव्ह केलं तर साइन आउट झालं की साफ. लोक त्यात बसून दिवसभर एक्सेल भरतात आणि संध्याकाळी रडतात.

इथून पुढे घाई करू नका राजेहो.

रजिस्ट्री एडिटर उघडा. लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइललिस्ट. सगळ्यात आधी प्रोफाइललिस्टवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट करा, हे टाळणाऱ्याशी मी बोलत नाही. आत एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या लांबलचक नावांच्या नोंदी दिसतील, त्यातल्या प्रत्येकीवर क्लिक करून उजवीकडे प्रोफाइलइमेजपाथ वाचा म्हणजे कोणती नोंद कोणाची ते कळते. बिघडलेल्या अकाउंटच्या बहुतेक वेळा दोन नोंदी असतात, नाव तेच, फक्त एकीच्या शेवटी डॉट बॅक लागलेलं. डॉट बॅकवाली तुमची खरी, बिनशेपटीची त्या टेम्पची. बिनशेपटीचीचं नाव बदलून शेवटी डॉट जुनं वगैरे काहीही जोडा, डिलीट करू नका. मग खरीचं डॉट बॅक काढा, तिच्यातला पाथ तुमच्याच फोल्डरचा आहे ना ते पाहा, स्टेट शून्य करा, रेफकाउंट असेल तर तेही शून्य. मग रिस्टार्ट. शटडाउन करून परत चालू करणं वेगळं पडते, फास्ट स्टार्टअप असला की विंडोज पूर्ण बंद होतच नाही.

यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ इथे संपतात, थँक यू फॉर वॉचिंग. आणि डिस्क रिपेअरनंतरच्या केसमध्ये नेमकं असं होते की लॉगिन केल्यावर पुन्हा टेम्पच येते आणि रजिस्ट्रीत पाहावं तर डॉट बॅक परत उगवलेलं. मी याच्यावर रात्री घालवल्या आहेत, काढायचं, उगवायचं, काढायचं, उगवायचं. विंडोज ते मुद्दाम परत लावते, कारण त्याला तुमच्या फोल्डरमधली एनटीयुजर डॉट डॅट ही फाइल उघडता येत नाही. तुमच्या अकाउंटची जवळपास सगळी रजिस्ट्री त्या एका लपलेल्या फाइलीत असते. ती का उघडत नाही हे शोधल्याशिवाय डॉट बॅक उपटत बसणं म्हणजे मुळं ठेवून हरळी उपटणं.

कारणं बहुतेक दोनच. एक तर फाइलच खराब सेक्टरवर होती आणि चेकडिस्कने तिचा तुकडा पाडला. नाहीतर फाइल ठणठणीत आहे पण तिच्या परवानग्या गेल्या, कारण चेकडिस्कला सिक्युरिटीची नोंद बिघडलेली सापडली की तो तिथे डिफॉल्ट नोंद बसवून मोकळा होतो. हे तपासायला इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीमध्ये अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये विनइनिट, इव्हेंट १००१ उघडा, बूटच्या वेळी चेकडिस्कने काय काय केलं ते पूर्ण लिहिलेलं असते. रिप्लेसिंग इनव्हॅलिड सिक्युरिटी आयडी अशा ओळी दिसल्या तर परवानग्यांवर संशय घ्या.

मग पक्कं करा. आधी ती एनटीयुजर डॉट डॅट कॉपी करून बाजूला ठेवा. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी युजर्सवर क्लिक, फाइल मेनू, लोड हाइव्ह (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची फाइल), तीच फाइल निवडा आणि काहीही नाव द्या. लोड झाली तर फाइल चांगली आहे. लोड झालेल्या नावावर राइट क्लिक करून परमिशन्समध्ये तुमचं अकाउंट, सिस्टिम आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स या तिघांना फुल कंट्रोल आहे का पाहा, नसेल तर द्या. आणि मग अनलोड हाइव्ह करा. करा म्हणजे कराच. लोड ठेवून लॉगिन केलं तर फाइल अडकलेली असते आणि विंडोज पुन्हा तुम्हाला टेम्पवर बसवते, आणि तुम्ही म्हणता काहीच फरक पडला नाही.

त्यानंतर युजर्समधल्या तुमच्या फोल्डरवर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथेही त्याच तिघांना फुल कंट्रोल, आतल्या सगळ्या फाइलींसकट. एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाका असा सल्ला मिळेल, तो देणाऱ्याला सांगा तुझ्या मशीनवर दे. आता डॉट बॅकचा कार्यक्रम पुन्हा एकदा करा, रिस्टार्ट, लॉगिन.

हाइव्ह लोडच होत नसेल तर फाइल गेली. इथे कोणीतरी रेगबॅक फोल्डरमधून रजिस्ट्री परत आणायला सांगेल. विंडोज १० च्या १८०३ व्हर्जनपासून विंडोज तिथे आपोआप बॅकअप ठेवतच नाही, फाइली दिसतात पण शून्य केबीच्या, आणि त्या जागेवर टाकल्या तर उरलेलं विंडोजही जाते. शिवाय तिथे तुमच्या प्रोफाइलची फाइल कधी नव्हतीच. त्यापेक्षा तुमच्या युजर फोल्डरचं नाव बदलून शेवटी ओल्ड जोडा, प्रोफाइललिस्टमधल्या तुमच्या दोन्ही नोंदी काढा (एक्सपोर्ट केलेलं आहे ना?), रिस्टार्ट करून त्याच जुन्या अकाउंटने लॉगिन करा. विंडोज कोरं प्रोफाइल बनवते.

मग ओल्डमधून डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, डेस्कटॉप आणा. एनटीयुजर नावाच्या फाइली आणू नका आणि अ‍ॅपडेटा अख्खं उचलून टाकू नका, नाहीतर जुना आजार नव्या घरात. अ‍ॅपडेटामधून एक गोष्ट मात्र मराठी टाइप करणाऱ्यांनी नक्की आणावी, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स हे फोल्डर. विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून डबल क्लिक करून टाकलेले फॉन्ट बऱ्याचदा फक्त त्या युजरपुरते तिथे बसतात, त्यामुळे नव्या प्रोफाइलमध्ये जुन्या मराठी फाइली उघडल्या की सगळा किडा-मुंगीचा बाजार दिसते. फॉन्ट निवडा, राइट क्लिक, इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स.

काही फाइली जागेवर सापडल्या नाहीत तर सी ड्राइव्हच्या मुळाशी फाउंड डॉट ००० असं लपलेलं फोल्डर पाहा, चेकडिस्क अनाथ तुकडे तिथे टाकतो. नावं गेलेली असतात, पण एखाद्याला डॉट जेपीजी किंवा डॉट डॉक्स लावलं तर उघडते. ते फोल्डर आणि ओल्डवालं महिनाभर तरी उडवू नका, आणि दुसरं अ‍ॅडमिन अकाउंटही राहू द्या, पासवर्ड टाकून.