शिकागोतल्या जुन्या गुत्त्याचा खरा मालक कसा शोधावा

'डिरेक्टरीत (शहरातल्या नाव-पत्त्यांच्या छापील यादीत) ज्याचं नाव, तोच मालक.' गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या गुत्त्यांबद्दल हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुळीच ऐकू नका.

आधी पत्ता पक्का करा. सप्टेंबर 1909 मध्ये शिकागोतल्या घरांचे क्रमांक बदलले, मधल्या लूप भागातले 1911 मध्ये. 1905 चा पत्ता आजच्या नकाशावर शोधलात तर भलत्याच इमारतीपुढे जाऊन उभे राहाल. जुन्या-नव्या क्रमांकांची यादी तेव्हाच छापली होती, ती घ्या. मग इमारत ओळखायला सॅनबोर्न कंपनीचे विम्याचे नकाशे पाहा: गुलाबी रंग विटांच्या इमारतीचा, पिवळा लाकडी.

आता मालकी. इथेच बहुतेकांची गाडी घसरते, कारण मालक एक नसतो. जागा एकाची, परवाना दुसऱ्याचा आणि पैसा बीअर कंपनीचा, असा मामला असे. 1906 मध्ये परवान्याची वार्षिक फी 1000 डॉलर झाली. गल्लीतल्या गुत्तेवाल्याला ती कुठून झेपणार? कंपनी फी भरायची, काउंटर-आरसे द्यायची आणि बदल्यात फक्त आपलीच बीअर विकायला लावायची. श्लिट्झ या बीअर कंपनीने तर स्वतःच इमारती बांधल्या. पट्टा गुंडाळलेला पृथ्वीचा गोल हे तिचं चिन्ह आजही काहींच्या भिंतीवर दिसतो. ते दिसलं की आधी कंपनीच्या नावाने खरेदीखत शोधा, गुत्तेवाल्याच्या नाही.

खरेदीखतं कुक काउंटीच्या नोंदणी दफ्तरात मिळतात. मात्र जुन्या वह्या घरक्रमांकानुसार लावलेल्या नाहीत. वसाहत, ब्लॉक आणि प्लॉट हे तिन्ही हाताशी नसतील तर तिथे जाऊन दिवस फुकट जाईल. खरेदीखतावर थांबू नका, गहाणखतंही वाचा. कर्ज कोणी दिलं ते कळलं की सूत्रं कोणाच्या हाती होती तेही कळतं.

गुत्तेवाल्याची बाजू 1910 च्या जनगणनेत तपासा. व्यवसायाच्या पुढच्या रकान्यात 'डब्ल्यू' असेल तर तो पगारी माणूस, 'ओए' म्हणजे स्वतःचा धंदा, 'ईएमपी' म्हणजे हाताखाली नोकर ठेवणारा. धंदा स्वतःचा असला म्हणून इमारत त्याची ठरत नाही, हे मात्र विसरू नका.

वर्तमानपत्रं शेवटी चाळा. जर्मन गुत्तेवाला असेल तर 'आबेंडपोस्ट' हे जर्मन वर्तमानपत्रही. जानेवारी 1920 मध्ये देशभर दारूबंदी लागू झाली. त्यानंतर तेच नाव डिरेक्टरीतल्या 'सॉफ्ट ड्रिंक्स' या सदरात शोधा.