नॅरोबोट घ्यायचीय? आधी पाण्याखालचं बघा

इकडे इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यातल्या कुणी नॅरोबोट, म्हणजे कॅनॉलवर (कालव्यावर) राहायची लांब अरुंद बोट, घ्यायचं म्हटलं की मला पहिला फोटो येतो तो आतल्या किचनचा, मस्त लाकडी फर्निचर, कोपऱ्यात शेगडी, गोल खिडकीतून येणारं ऊन, आणि मी पहिला प्रश्न विचारते तो हा की तळाचा पत्रा किती मिलिमीटर उरलाय. किचन नंतर कधीही बदलता येतं हो, पण बोट तरंगते ती पत्र्यावर. माझं म्हणणं एवढंच आहे की पैसा आणि लक्ष दोन्ही आधी न दिसणाऱ्या गोष्टींवर घालवा, मग कॅनॉलवरचं आयुष्य खरंच फार सुंदर आहे.

पण विकत घ्यायच्या आधी एक आठवडा भाड्याने बोट घेऊन फिरा, त्याला लायसन्स वगैरे लागत नाही, कंपनीवाले तासाभरात सगळं शिकवून हातात देतात. वेल्सकडे जाणारा लँगॉलन कॅनॉल सुरुवातीला उत्तम. पाँटकसिल्टीचा जलसेतू तिथेच आहे, १८०५ साली पूर्ण झालेला, नदीपासून १२६ फूट उंच, आणि एका बाजूला चालायची वाट नि कठडा तर दुसऱ्या बाजूला लोखंडी हौदाची कड आणि खाली थेट दरी! हा कॅनॉल पिण्याचं पाणी पण वाहून नेतो त्यामुळे त्याला चक्क प्रवाह आहे, लँगॉलनकडे जाताना बोट जड चालते आणि परत येताना भराभर, तेव्हा जातानाच्या वेळेत मार्जिन ठेवा. शेवटचा पट्टा इतका अरुंद आहे की समोरून बोट आली तर दोघांना जागा नाही, एकाला पुढे चालत पाठवायचं बघायला.

आता साइज. नॅरोबोट ६ फूट १० इंच रुंद असते कारण जुनी अरुंद लॉक, म्हणजे पाणी भरून-उतरवून बोट वरखाली नेणारे गेटवाले हौद, ७ फुटांची आहेत. लांबी ७० फुटांपर्यंत मिळते पण सगळं नेटवर्क फिरायचं असेल तर ५७ फुटांच्या आसपासची घ्या, उत्तरेकडे कॅल्डर अँड हेबलसारख्या कॅनॉलची लॉक आखूड आहेत, लांब बोट तिथे मावतच नाही.

बोट आवडली की सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून तपासणी, आणि ती बोट पाण्याबाहेर काढूनच. विकणारा म्हणतो मागच्या वर्षीच झालाय, तरी तुमचा सर्व्हेयर तुम्हीच नेमा. जाहिरातीत १०/६/४ असं लिहिलेलं दिसतं, म्हणजे तळ १० मिमी, बाजू ६ आणि केबिन ४. सर्व्हेयर अल्ट्रासाउंडने जागोजागी जाडी मोजतो आणि रिपोर्टमध्ये सगळे आकडे देतो, त्यात सरासरी बघू नका, सगळ्यात कमी आकडा बघा आणि तो पाण्याच्या रेषेजवळ आहे का ते बघा, कारण गंज तिथेच जास्त खातो. ४ मिमीच्या खाली गेलं की बऱ्याच इन्शुरन्सवाल्यांच्या कपाळावर आठ्या येतात, मग वरून नवा पत्रा वेल्ड करा म्हणतात आणि ते काम हजारो पौंडांत जातं.

घेतल्यावर दर २-३ वर्षांनी बोट बाहेर काढून ब्लॅकिंग करायचं, म्हणजे खालच्या पत्र्याला डांबरी कोट. इपॉक्सीवालं महाग पडतं पण बरंच जास्त टिकतं, परवडत असेल तर तेच करा. त्याच वेळी अॅनोड (पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) बघून घ्यायचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे लागतात, झिंकचे समुद्रासाठी. आणि मरीनात विजेची वायर जोडून महिनोन्महिने उभी ठेवणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर आहे ना ते नक्की बघा, तो नसला तर अर्थच्या वायरमधून शेजारच्या बोटींशी सर्किट जुळतं आणि तुमचे अॅनोड संपून मग पत्रा खायला सुरुवात होते, वरून काहीच कळत नाही.

कागदपत्रं तीन: लायसन्स, इन्शुरन्स आणि बोट सेफ्टी सर्टिफिकेट. लायसन्स म्हणजे बोटीचं, चालवणाऱ्याचं नाही, आणि बहुतेक कॅनॉलसाठी ते कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडून मिळतं. सेफ्टी सर्टिफिकेट दर ४ वर्षांनी. कायमची जागा घ्यायची नसेल तर १९९५ च्या कायद्याप्रमाणे खरोखर फिरत राहावं लागतं, एका जागी जास्तीत जास्त १४ दिवस, पाटी असेल तिथे त्याहून कमी. त्याच दोन पुलांच्या मध्ये मागेपुढे करत राहिलात तर लायसन्स रिन्यू करताना अडचण येते. मुलांची शाळा, रोजचं ऑफिस असेल तर सरळ मूरिंग (बोट बांधायची कायमची जागा) भाड्याने घ्या, डोक्याला ताप नाही.

चालवणं अवघड नाही, सवय लागते. टिलर, म्हणजे बोट वळवायचा मागचा दांडा, उजवीकडे ढकलला की पुढचं टोक डावीकडे जातं, बोट मधोमध फिरते, आणि रिव्हर्सला स्टीअरिंग जवळपास नसतंच. समोरून कुणी आलं की उजवीकडून जायचं. स्पीड लिमिट तासाला ४ मैल आहे पण तेही बऱ्याच ठिकाणी जास्त होतं, मागे वळून बघा, काठावर लाट फुटत असेल तर कमी करा. बांधलेल्या बोटींच्या शेजारून जाताना तर इंजिन अगदी मंद, नाहीतर त्यांच्या खुंट्या उपटतात आणि आत कुणाचा तरी उकळता चहा सांडतो. हे मी कळकळीने सांगतेय, कॅनॉलवरची निम्मी भांडणं यावरून होतात. प्लॅन करताना मैल आणि लॉक यांची बेरीज करून ३ ने भागा, साधारण तितके तास. फोर काउंटीज रिंग, म्हणजे फिरून परत तिथेच येणारा मार्ग, ११० मैल आणि ९४ लॉकची आहे, म्हणजे नवख्याला ६८ तास धरा, आठवड्यात करायची तर रोज जवळजवळ दहा तास होतात, सुट्टीची मजा जाते, दोन आठवडे ठेवा.

लॉकबद्दल मात्र सविस्तर बोलते. खाली उतरताना सगळ्यात मोठा धोका म्हणजे सिल, म्हणजे वरच्या गेटच्या पायाशी असलेली दगडी पायरी. लॉक भरलेलं असताना ती पाण्याखाली असते, दिसतच नाही, काठावर पांढरी रेघ मारलेली असते तेवढीच खूण. बोटीची मागची बाजू त्या रेघेच्या पुढे पाहिजे, कायम. पाणी उतरताना मागचं टोक सिलवर अडकलं की पुढचं टोक खाली जात राहतं आणि बोट काही मिनिटांत बुडू शकते. टिलरवर असलेल्याने फोन बाजूला ठेवायचा, रेघेकडे नजर, आणि जराही तिरकी वाटली की ओरडायचं. पॅडल, म्हणजे लॉकमधलं पाणी सोडायच्या झडपा, चालवणाऱ्याने कारण न विचारता खालची पॅडल आधी बंद करायची आणि मग वरून हळूहळू पाणी सोडायचं. दोरी घट्ट बांधायची नाही, खांबाला एक वेढा देऊन टोक हातात धरायचं, म्हणजे पाण्याबरोबर सैल सोडता येते. बांधून ठेवलेली बोट पाणी उतरल्यावर दोरीला लटकते.

वर चढताना घाई नको. गेटमधली पॅडल आधी उघडली तर पाण्याचा लोंढा थेट पुढच्या डेकवर येतो, म्हणून आधी जमिनीतली, आणि लॉक निम्मं भरलं की मग गेटमधली. विंडलास म्हणजे ते हँडल, ते कधीही पॅडलच्या स्पिंडलवर (दांड्यावर) अडकवून सोडू नका, खटका सुटला तर ते गरगर फिरत उडतं आणि हात-दात मोडतात. फॉक्सटनला सलग जोडलेली लॉक आहेत, पाच-पाचच्या दोन रांगा, तिथे लाल पॅडल आधी आणि पांढरं नंतर, हा क्रम चुकवायचा नाही. सीझनमध्ये मदतीला माणसं असतात, त्यांना विचारल्याशिवाय आत शिरू नका.

दुसरी गोष्ट वीड हॅच, म्हणजे प्रोपेलरपर्यंत हात घालायची मागची झाकणवाली जागा. चालताना एकदम ताकद गेली, मागून काळा धूर, टिलर थरथरायला लागला, तर प्रोपेलरला काहीतरी गुंडाळलंय. प्लास्टिक पिशव्या, नायलॉनची दोरी, जुने कपडे, गादीच्या स्प्रिंगा सुद्धा निघतात. काठाला लागा, इंजिन बंद करा आणि चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा, डॅशवर नाही, खिशात. मग हॅचचं झाकण काढून जाड ग्लोव्ह घालून हात घाला, दातेरी ब्रेडचा सुरा दोरी-कापडासाठी सगळ्यात चांगला, तारेसाठी कटर. काम झालं की झाकणाच्या रबराला कचरा लागलेला नाही ना ते बोटाने फिरवून बघायचं, क्लॅम्प घट्ट आवळायचा, आणि बोट बांधलेलीच ठेवून इंजिन गिअरमध्ये टाकून झाकणाच्या कडेकडे टॉर्च मारून बघायचं. थेंब दिसला तर परत उघडा. झाकण नीट न बसल्याने प्रोपेलर पाणी आत फेकतो आणि चांगल्या बोटी अशा बुडाल्यात.

रोज सकाळी ऑइल आणि कूलंट, रोज संध्याकाळी स्टर्न ग्लँडचा (प्रोपेलरचा दांडा बाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या सीलचा) ग्रीसर हाताला जड लागेपर्यंत फिरवायचा. दोन मिनिटांचं काम आहे. डिझेल तासाला एक-दीड लिटर धरा.

आतलं घर चालवणं म्हणजे हिशोब. पाण्याची टाकी काही शे लिटरची असते, नळ दिसला की भरून घ्यायची, पाणी एक दिवसाआड येणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. बॅटरी साध्या लेड-अॅसिड असतील तर निम्म्याच्या खाली उतरू देऊ नका, लवकर मरतात. रात्री ८ ते सकाळी ८ आजूबाजूला लोक असताना इंजिन लावायचं नाही, आणि डिसेंबरात सोलार नावापुरताच, तेव्हा चार्जिंगची वेळ दिवसा ठरवा. आपल्या स्वयंपाकाला प्रेशर कुकर बोटीवर फार उपयोगी, गॅस वाचतो आणि वाफ कमी, कारण थंडीत वाफ म्हणजे खिडक्यांवरून ओघळणारं पाणी आणि गादीखाली बुरशी. मिक्सर चांगल्या इन्व्हर्टरवर चालतो, इंडक्शनचा नाद नको. टॉयलेट कॅसेटवालं (काढता येणाऱ्या छोट्या टाकीचं) घ्या म्हणेन मी, स्वतः नेऊन रिकामं करावं लागतं पण मशीनने टाकी उपसणाऱ्या पंप-आउटची वाट बघत अडकून पडत नाही.

आणि शेगडी पेटवून झोपताना थंडी वाजते म्हणून व्हेंटिलेशनच्या जाळीत कापड कोंबू नका, कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म २०१९ पासून सक्तीचा आहे, त्याचं बटण दाबून आवाज येतो का ते अधूनमधून बघत जा.

हिवाळ्यात ट्रस्टची दुरुस्तीची कामं असतात, लॉक आठवडेच्या आठवडे बंद राहतात, निघण्याआधी नोटिसा बघा, नाहीतर मधेच अडकाल. बर्फ फोडत बोट हाकू नका, तुमचं आणि शेजारच्यांचं ब्लॅकिंग पाण्याच्या रेषेवरच खरवडलं जातं. गॅस प्रोपेनचाच, तापमान शून्याजवळ गेलं की ब्युटेन येतच नाही. बोट सोडून महिनाभर भारतात येणार असाल तर डिझेलची टाकी भरून ठेवा म्हणजे आत दव धरत नाही, पाण्याचा पंप बंद करून पाइप रिकामे करा, सगळे नळ उघडे सोडा, आणि शॉवरचा मिक्सर विसरू नका, त्यात अडकलेलं पाणी गोठून तो हमखास फुटतो, तेव्हा नॉब गरम-थंडच्या मधोमध ठेवून, शॉवरचं डोकं खाली ट्रेमध्ये सोडून मगच कुलूप लावा.