वार अडकण्याआधीचे साठ दिवस: गाभण गाईला सेलेनियम कसं द्यावं

गाय व्याली की गोठ्यात पहिला प्रश्न कालवड की गोऱ्हा, आणि दुसरा, वार (गर्भाशयातली जार) पडली का? बारा तास उलटूनही वार लोंबत असली की कुणीतरी गाडी काढून सेलेनियम या खनिजाची बाटली आणायला पळतो. मीही पळालोय. पण अडकलेली वार सेलेनियमने सुटत नाही. त्याचं काम व्यायच्या आधीचं.

शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना जी घातक द्रव्यं तयार होतात, ती निकामी करणाऱ्या विकरात (एन्झाइममध्ये) सेलेनियम असतं. वार गर्भाशयापासून सुटी व्हायला याच पेशी लागतात आणि कासेतल्या दगडीशीही (कासदाहाशी) त्याच झुंजतात. ई जीवनसत्त्व सेलेनियमचं जोडीदार. ते हिरव्या चाऱ्यात भरपूर, पण उन्हात वाळलेल्या कडब्यात फारच थोडं. शिरूर-दौंडकडे उन्हाळ्यात गव्हाणीत कडबा आणि उसाचे वाढे एवढंच असतं, तेव्हा ही जोडी तुटते.

आधी तारखा मांडा. गाईचे दिवस साधारण २८०. समजा १ मार्चला रेतन झालं, तर ६ डिसेंबरच्या आसपास व्यायला हवी. म्हणजे त्याच्या साठ दिवस आधी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दूध आटवायचं. गोठ्याच्या भिंतीवर खडूने या तारखा लिहून ठेवा. मोबाइलमधली नोंद गडी बघत नाही.

मग पाकीट वाचा. खरी गोम इथे आहे. सेलेनियमची गरज आहे एक किलो शुष्क पदार्थामागे ०.३ मिलिग्रॅमची. भाकड (दूध आटवलेली) गाय दिवसाला दहा किलो शुष्क पदार्थ खात असेल, तर सगळं मिळून ३ मिलिग्रॅम. (दहा किलो म्हणजे पाणी वजा जाता, हिरवा चारा वजनाने याच्या कितीतरी पट भरतो.) आता खनिज मिश्रणाच्या पाकिटामागचा तक्ता काढा. किलोला २० मिलिग्रॅम सेलेनियम लिहिलं असेल, तर रोजच्या ५० ग्रॅममधून मिळतं फक्त १ मिलिग्रॅम. काही पाकिटांवर सेलेनियमचं नावच नसतं, आणि आपण मात्र ‘खनिज मिश्रण चालू आहे’ म्हणून निर्धास्त! उरलेलं चारा आणि पेंडीतून किती येतं, ते जमिनीवर अवलंबून. हा हिशेब पशुवैद्यकासमोर बसून करा.

मिश्रण पेंडीत नीट कालवून द्या, वरून भुरभुरू नका. एक गाय चाटून जाते, शेजारची कोरडीच राहते. हिरवा चारा मिळत नसेल तर भाकड काळात ई जीवनसत्त्व वेगळं द्यावं लागतं. रोज १,००० युनिटच्या आसपास सांगतात.

इंजेक्शन द्यायचं असेल तर व्यायच्या साधारण तीन आठवडे आधी, वरच्या उदाहरणात १५ नोव्हेंबरच्या सुमारास. तेही डॉक्टरांच्या हातूनच. एखाद्या गाईला लगेच रिअॅक्शन येते, तेव्हा सुई टोचून लगेच निघून जाऊ नये. आणि आधी सांगा की खुराकात काय-काय चालू आहे. माझ्याकडे एकदा पावडर, लिक्विड टॉनिक आणि इंजेक्शन अशा तिन्हींत सेलेनियम निघालं. नशीब, तिसरं टोचायच्या आधी डॉक्टरांनी डबे मागितले.

कारण जास्तीचं सेलेनियम हे विषच. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागात काही ठिकाणी मातीतच ते इतकं आहे की तिथला चारा खाऊन जनावरांचे खूर फुटतात, शेपटीचे केस गळतात, ती लंगडतात. ‘अजून थोडं टाकलं तर काय बिघडतं’ ही आपली पेंडीतली सवय इथे चालवू नका.

एवढं करूनही वार अडकू शकते: जुळं, कॅल्शियमची कमतरता, अकाली गर्भपात, ब्रुसेलोसिस (गर्भपात घडवणारा जंतुसंसर्ग), कारणं बरीच. तेव्हा वारेला वीट बांधू नका, ओढू नका, आणि उघड्या हाताने तर अजिबात शिवू नका. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. ताप पाहा, गाय चारा सोडते का ते पाहा आणि आपल्या डॉक्टरांना किंवा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा. वासराला मात्र वारेची वाट न पाहता, जन्मल्यापासून दोन तासांच्या आत चीक पाजून घ्या.