स्किड स्टीअर (पुढे बकेट असलेलं छोटं लोडर मशीन), ट्रॅक्टर चालू करायच्या आधी
मशीन सपाट जागेवर उभं करा, डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून पुसून परत घाला आणि मगच ऑइल बघा. रेडिएटरची जाळी साफ आहे ना तेही बघा. लोडरच्या पिनांना ग्रीस देताना जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत ग्रीस गन मारत राहायची. आणि हे अगदी कळकळीने सांगतोय, हायड्रोलिक पाइप गळतोय असं वाटलं तर हात फिरवून कधीच बघू नका, सुईएवढ्या भोकातून उडणारं तेल सरळ कातडीत घुसतं, पुठ्ठा धरून बघा, आणि घुसलंच तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा. उचललेल्या बकेटखाली आर्म लॉक (उचललेले आर्म खाली पडू न देणारा अडसर) लावल्याशिवाय जायचं नाही. रिकाम्या स्किड स्टीअरचं वजन मागे असतं, त्यामुळे जड बाजू चढाकडे राहावी म्हणून बकेट रिकामी असताना चढ रिव्हर्सनेच चढा.