पॅकेट ठरल्या क्षणी तारेवर हवे असेल, तर या चुका टाळा

नेटवर्क कार्डावरून पॅकेट वेळेवर निघत नाही, अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी तोपर्यंत दहा सेटिंग्ज बदललेल्या असतात आणि घड्याळ मात्र एकदाही तपासलेले नसते. माझ्या मते हाच क्रम उलटा व्हायला हवा.

लिनक्स ४.१९ मध्ये, म्हणजे २०१८ साली, ईटीएफ ही क्यूडिस्क, म्हणजे पॅकेटे रांगेत लावून सोडणारी कर्नलमधली यंत्रणा, आली. अ‍ॅप्लिकेशन प्रत्येक पॅकेटसोबत ते सोडण्याची वेळ देते, ईटीएफ पॅकेटे त्या क्रमाने लावते आणि इंटेल आय२१० सारख्या कार्डात ऑफलोडची, म्हणजे हे काम कार्डावरच सोपवण्याची, सोय असल्यास अचूक क्षण कार्ड साधते. ही वेळ टीएआय, म्हणजे लीप सेकंद न धरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अणुवेळेच्या घड्याळाची द्यावी लागते. २०१७ च्या प्रारंभापासून टीएआय हे यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, ३७ सेकंद पुढे आहे.

एका ऑडिओ प्रकल्पात प्रोग्रॅम सुरळीत चालत होता, पाठवण्याचे प्रत्येक कॉल यशस्वी ठरत होते, पण तारेवर एकही पॅकेट दिसत नव्हते. तिथल्या मंडळींनी केबल बदलली, ड्रायव्हर बदलला आणि शेवटी कार्डही बदलले. मी टीसी या लिनक्सच्या रांगा सांभाळणाऱ्या साधनाची आकडेवारी उघडायला लावली, तेव्हा ईटीएफसमोरचा ड्रॉपचा आकडा पाठवलेल्या पॅकेटांइतकाच निघाला. सॉकेटवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या नेटवर्क जोडणीवर, टीएआय घड्याळ जाहीर केले होते, पण वेळ मात्र यूटीसीवर चालणाऱ्या नेहमीच्या सिस्टिम घड्याळातून वाचली जात होती. त्यामुळे प्रत्येक पॅकेटची वेळ टळून गेलेली असे आणि ईटीएफ ते टाकून देई. यूडीपी, म्हणजे पोच न मागणाऱ्या पद्धतीच्या, सॉकेटला याची खबर आपोआप मिळत नाही. म्हणून मी त्रुटी कळवण्याचा पर्याय सुरुवातीलाच चालू करतो आणि कर्नलचा टीएआय फरक खरोखर ३७ आहे ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

ईटीएफच्या डेल्टा या सेटिंगचा आकडा दुसऱ्याच्या यंत्रावरून उचलू नये. पॅकेटच्या वेळेआधी किती लवकर जागे व्हायचे ते डेल्टा ठरवतो, आणि तुमच्या यंत्राला जागे व्हायला किती उशीर होतो ते दुसऱ्याला ठाऊक नसते. मी यंत्रावर पूर्ण भार टाकून सायक्लिकटेस्ट हा असा उशीर मोजणारा प्रोग्रॅम बराच वेळ चालवतो आणि त्यातला कमाल उशीर धरतो. सरासरी इथे निरुपयोगी आहे.

दुसरा हमखास गैरसमज इथटूल या कार्डाच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या साधनातील टीएक्स-यूसेक्सचा. हा आकडा शून्य केला की पॅकेट लवकर निघेल, असे नवशिके ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात ही मर्यादा पॅकेट निघून गेल्यानंतरच्या इंटरप्टची असते, म्हणजे काम झाल्याची वर्दी कार्डाने किती थांबून द्यावी याची. ती शून्य केल्याने आधीच निघालेले पॅकेट आणखी लवकर निघत नाही, उलट प्रोसेसरवर इंटरप्टचा मारा होतो आणि ज्या थ्रेडला वेळेवर जागे व्हायचे आहे त्याचीच अडवणूक होते. घाईने सापडलेला असा उपाय मला सर्वांत घातक वाटतो, कारण हलक्या भाराखाली त्याचा तोटा दिसतच नाही.

टीएसओ, म्हणजे मोठा गठ्ठा कार्डाकडूनच फोडून घेण्याची सोय, चालू ठेवल्यास ६४ किलोबाइटचा एक गठ्ठा गिगाबिट तारेवर अर्ध्या मिलिसेकंदाहून अधिक काळ घेतो आणि त्याच रांगेतले पुढचे पॅकेट खोळंबते. टीएसओबरोबर जीएसओही बंद करावे, नाहीतर कर्नल तोच गठ्ठा फोडून सगळे तुकडे पाठोपाठ कार्डाकडे ढकलतो. ऊर्जाबचतीचे ईईई बंदच ठेवावे. गिगाबिट दुव्याला झोपेतून उठायला सुमारे १६.५ मायक्रोसेकंद लागतात. तारेवरच्या दोन फ्रेमांमधील ९६ बिटांच्या अंतराला हात लावू नये.

आणि मोजमाप पाठवणाऱ्या यंत्रावरच्या टीसीपीडंप या पॅकेटे टिपणाऱ्या प्रोग्रॅमने करू नये. तो पॅकेटची नोंद ते ड्रायव्हरकडे जाण्याआधीच घेतो, त्यामुळे ईटीएफ ऑफलोडसह चालू असताना पॅकेट जवळजवळ डेल्टाइतके आधी निघाल्यासारखे दिसते, आणि लोक बरोबर असलेली मांडणी मोडायला बसतात. स्वीकारणाऱ्या कार्डाचे हार्डवेअर टाइमस्टँप घ्यावेत, दोन्ही कार्डांची घड्याळे पीटीपी या नेटवर्कवरून घड्याळे जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने जुळवून घ्यावीत आणि एका वेळी एकच सेटिंग बदलावी.